लाळग्रंथीचा कॅन्सर: उपचार, वर्षं आणि टक्के
गोव्यातल्या रुग्णांना आणि घरच्यांना पडणारे नेहमीचे प्रश्न

मी पॅथॉलॉजिस्ट. इस्पितळात रुग्ण माझ्यासमोर येत नाही, त्याच्या गाठीचा तुकडा येतो. पण ओळखीपाळखीतून फाइल घेऊन घरी येणारे पुष्कळ, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच: "किती टक्के?" म्हणजे माणूस वाचायची आशा किती. गाठीचं नाव कळल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर देता येत नाही. एकाच ग्रंथीत वीसहून जास्त तऱ्हेचे कॅन्सर होतात. काहींत माणूस बरा होऊन नातवंडांची लग्नं लावतो, काहींत दोन-तीन वर्षांतच फार कठीण होऊन बसतं. म्हणून पुढच्या उत्तरांत मी पुन्हा पुन्हा नावाकडे येईन.

कानाखाली गाठ आलीय. कॅन्सरच असेल का?

बहुतेक वेळा नसतो. लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या आहेत: कानापुढची-कानाखालची पॅरोटिड, जबड्याखालची आणि जिभेखालची. याशिवाय टाळू, ओठ, गालाचं अस्तर इथे शेकड्यांनी बारीक ग्रंथी विखुरलेल्या असतात. गाठी सर्वांत जास्त पॅरोटिडला येतात आणि त्यांतल्या चारांपैकी तीन साध्या असतात. ग्रंथी जितकी लहान, तितका संशय जास्त. जबड्याखालच्या ग्रंथीतल्या गाठी जवळपास निम्म्या कॅन्सरच्या निघतात. जिभेखालच्या आणि टाळूवरच्या गाठींत हे प्रमाण आणखी वाढतं. टाळूवरची न दुखणारी गाठ "दाताचं काहीतरी असेल" म्हणून महिनोन्‌महिने अंगावर काढली जाते, तसं करू नका.

गालगुंड, दाढेची सूज, लाळेच्या नळीतला खडा यांनीही तिथे सूज येते. खड्याची सूज जेवायला बसलं की वाढते आणि नंतर ओसरते. गाठ तशी ओसरत नाही.

गाठ दहा वर्षांची आहे, दुखत नाही, वाढत नाही. मग काढायची कशाला?

त्या जागेची सर्वांत जास्त आढळणारी साधी गाठ म्हणजे प्लिओमॉर्फिक अ‍ॅडेनोमा. ती साधी असली तरी कायम साधी राहील याची खात्री नाही. पहिल्या पाच वर्षांत तिचा कॅन्सर होण्याचा धोका दीड टक्क्याच्या आसपास सांगतात, पंधरा वर्षांहून जुन्या गाठीत तो नऊ-दहा टक्क्यांपर्यंत जातो. अशा गाठीतून निघालेला कॅन्सर बरेचदा जोरदार असतो. त्याची गोष्ट ठरलेली: वर्षानुवर्षं सुपारीएवढी होती आणि गेल्या तीन-चार महिन्यांत एकदम वाढली. असं कुणी सांगितलं की मी दुसरं काही विचारत नाही, आधी तपासणीला पाठवते.

गाठ लहान असताना काढली तर ऑपरेशन सोपं जातं आणि चेहऱ्याच्या नसेलाही धोका कमी.

कोणत्या खुणा दिसल्या तर थांबायचं नाही?

एका बाजूचा चेहरा लुळा पडणं, म्हणजे डोळा पूर्ण मिटत नाही, चूळ भरताना पाणी ओठाच्या कोपऱ्यातून गळतं. गाठ असताना असं झालं तर नसेवर कॅन्सरने हात टाकला असं धरूनच चालायचं. "वारं लागलं" म्हणून तेल चोळत बसू नका. याखेरीज गाठ दगडासारखी घट्ट आणि जागची न हलणारी होणं, वरची कातडी लाल होणं किंवा फुटणं, मानेला दुसऱ्या गाठी येणं, गालाला किंवा जिभेला मुंग्या येणं, तोंड पूर्ण न उघडणं. दुखणं मात्र फसवं आहे: साधी गाठही कधी दुखते आणि कॅन्सरची बरेचदा दुखत नाही.

सुई टाकली की कॅन्सर पसरतो म्हणतात. खरं का?

बारीक सुईच्या तपासणीने, म्हणजे एफएनएसीने पसरत नाही. ही सुई रक्त काढायच्या सुईपेक्षाही बारीक असते. सोनोग्राफीत बघत बघत ती टाकली तर नमुना नेमक्या जागेचा मिळतो.

या भीतीला थोडा आधार आहे, पण तो सुईचा नाही. पॅरोटिडच्या गाठीवर चिरा देऊन तुकडा काढणं मात्र टाळतात. तसं केलं तर गाठीतल्या पेशी आजूबाजूला सांडू शकतात आणि चेहऱ्याची नस त्याच भागातून जात असल्याने तिला इजा होऊ शकते. म्हणून कुणी बाहेरच्या बाहेर "छोटासा कट देऊन बघू" म्हणालं तर तिथेच थांबा आणि डोकं-मानेच्या सर्जनला दाखवा. टाळूवरच्या गाठीचा तुकडा घेतात, तिथे हा प्रश्न येत नाही.

सुईच्या रिपोर्टमध्ये कधी "संशयास्पद" किंवा "नक्की सांगता येत नाही" असं येतं. त्यावर लोक आमच्यावर चिडतात. लाळग्रंथीच्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली एकमेकींसारख्या दिसतात, आणि पक्कं नाव बरेचदा अख्खी गाठ काढल्यावरच कळतं.

रिपोर्टवर चार ओळींचं नाव आहे. त्यात नेमकं काय बघायचं?

इथे थोडं सावकाश जाऊ, कारण पुढचं सगळं यावर ठरतं.

म्युकोएपिडर्मॉइड कार्सिनोमा सर्वांत जास्त आढळतो, लहान मुलांतही लाळग्रंथीचा कॅन्सर झाला तर बहुधा हाच. त्याच्या पुढचा शब्द नावाइतकाच महत्त्वाचा: लो ग्रेड, इंटरमीडिएट की हाय ग्रेड, म्हणजे काचेखाली कॅन्सर सौम्य, मधला की जहाल दिसतो. लो ग्रेड असेल तर ऑपरेशनवर बरेचदा काम भागतं. हाय ग्रेड हा जवळजवळ वेगळाच आजार समजा.

अ‍ॅडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा दुसऱ्या क्रमांकावर. काचेखाली तो ओळखायला फार देखणा: एकसारख्या बारीक पेशींचे गोल पुंजके आणि त्यांना भोकंच भोकं, भात वेळायच्या चाळणीसारखी. पण मी आधी नसा शोधते. या कॅन्सरला नसेच्या कडेकडेने सरकायची खोड आहे, आणि कित्येकदा पेशींनी नसेला गोल वेढा घातलेला स्पष्ट दिसतो. रिपोर्टवर त्याला पेरिन्यूरल इन्व्हेजन म्हणतात. गाठ हाताला संपली तिथे तो संपलेला नसतो. म्हणूनच अशा वेळी सर्जन एमआरआयवर अडून बसतात.

असिनिक सेल आणि सिक्रेटरी कार्सिनोमा हे दोन्ही बहुतेक वेळा सौम्य. सिक्रेटरी हे नाव नवं आहे, या प्रकाराचं पहिलं वर्णन २०१० साली झालं. त्याआधीचे असे कित्येक रुग्ण असिनिक सेलच्या खात्यात जमा झाले असतील.

सॅलिव्हरी डक्ट कार्सिनोमा जहाल. तो स्तनाच्या कॅन्सरसारखा दिसतो आणि वागतोही तसाच. बहुतेक उतारवयातल्या पुरुषांना होतो.

नावानंतर चार गोष्टी बघा: गाठीचा आकार (२ आणि ४ सेंटीमीटर या दोन पायऱ्या), कडा मोकळ्या आहेत की कॅन्सर कापलेल्या कडेपर्यंत पोचलाय, नसेला लागलाय का आणि मानेच्या किती गाठींत (लसिका ग्रंथींत, रिपोर्टवर लिम्फ नोड) सापडला. यांपैकी काही रिपोर्टमध्ये लिहिलेलंच नसेल तर लॅबला विचारा. विचारायचा तुमचा हक्क आहे, आणि आम्हाला त्याचा राग येत नाही. आला तरी विचारा.

बरं, आता टक्के सांगा.

अमेरिकेतल्या राष्ट्रीय नोंदींत सगळे प्रकार एकत्र धरले तर पाच वर्षांचा आकडा, म्हणजे पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण, ७५ टक्क्यांच्या आसपास आहे. गाठ ग्रंथीपुरतीच असेल तर तो ९० च्या वर जातो. मानेच्या गाठींत किंवा लगतच्या भागात पसरली असेल तर ६५ ते ७०. फुप्फुस किंवा हाडापर्यंत गेली असेल तर ३५ ते ४५. हे आकडे त्याच वयाच्या इतर माणसांशी तुलना करून काढलेले असतात, म्हणजे म्हातारपणी दुसऱ्या कारणाने होणारे मृत्यू त्यांतून वजा केलेले असतात.

पण ही सरासरी म्हणजे वर सांगितलेल्या सगळ्या नावांची खिचडी. ती वेगळी केली की चित्र बदलतं. लो ग्रेड म्युकोएपिडर्मॉइडमध्ये पाच वर्षांनी शंभरातले नव्वदाहून जास्त रुग्ण जिवंत असतात. हाय ग्रेडमध्ये हा आकडा निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येतो. सॅलिव्हरी डक्टमध्येही निम्म्याच्या आसपासच.

अ‍ॅडेनॉइड सिस्टिकची तऱ्हा निराळी. वेगवेगळ्या अभ्यासांत पाच वर्षांनी ७५ ते ९० टक्के, दहा वर्षांनी ५० ते ७०, पंधरा वर्षांनी ४० च्या आसपास असे आकडे येतात. पाच वर्षांचा आकडा बघून पेढे वाटावेत असा हा आजार नाही, आणि फुप्फुसात ठिपके दिसले म्हणून हाय खावी असाही नाही. तो मंद चालतो आणि चिवट असतो.

आणखी एक. आज छापलेला पाच वर्षांचा आकडा त्याहून आधी उपचार घेतलेल्या माणसांचा असतो. तेव्हा काही औषधं बाजारात नव्हती. दुसऱ्या बाजूने बघायचं तर आपल्याकडे गाठ मोठी झाल्यावर येणारे जास्त, त्यामुळे अमेरिकेचा आकडा जसाच्या तसा बार्देशला किंवा सासष्टीला लावता येत नाही. तुमच्या पायरीवरच्या (स्टेजच्या) रुग्णांचा आकडा विचारा, सगळ्यांचा नको.

पाच वर्षांचा आकडा म्हणजे माणूस पाचच वर्षं जगणार?

नाही. पाच वर्षांनंतर किती जण जिवंत होते याची ती मोजणी. त्यांतले पुष्कळ पुढे वीस-पंचवीस वर्षंही जगतात. हा गैरसमज इतका पसरलाय की डॉक्टरांनी आकडा सांगण्याआधीच तो दूर करायला हवा.

ऑपरेशनने तोंड वाकडं होईल का?

कॅन्सरपेक्षा याचीच भीती लोकांना जास्त असते, आणि ती समजण्यासारखी आहे.

चेहऱ्याची नस कानामागून येऊन पॅरोटिड ग्रंथीच्या पोटातून जाते आणि तिथेच तिला पाच फाटे फुटतात: कपाळ, डोळा, गाल, खालचा ओठ आणि मान. ग्रंथीचा जो भाग नसेच्या वर आहे तेवढाच काढला तर त्याला वरवरची पॅरोटिडेक्टॉमी म्हणतात. खालचाही काढावा लागला तर ती संपूर्ण. ऑपरेशनआधी चेहरा नीट हलत असेल आणि गाठ नसेला चिकटून बसलेली नसेल तर सर्जन नस वाचवतात. एकेक फाटा सोडवत जाणं हे घड्याळ न बघता करायचं काम. म्हणून दोन तासांच्या ऑपरेशनला चार तास लागले तर बाहेर बसून घाबरू नका.

नस शाबूत राहिली तरी पहिले काही आठवडे चेहरा थोडा ढिला वाटू शकतो. ओढाताणीने नस दमलेली असते. बहुतेकांचं हे काही महिन्यांत भरून येतं, काहींना वर्ष लागतं. या काळात डोळा जपा. पूर्ण मिटत नसेल तर दिवसा अश्रूंसारखे थेंब, रात्री मलम, आणि पापणी चिकटपट्टीने बंद करून झोपणं. बुबुळ कोरडं पडून जखम झाली तर नजरेलाच धोका, आणि चेहऱ्याच्या काळजीत डोळ्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

नस कॅन्सरने वेढलेली असेल तर ती कापावी लागते. मग त्याच ऑपरेशनमध्ये मानेतून किंवा पायातून दुसरी नस घेऊन जोडता येते. चेहरा पूर्वीसारखा होत नाही, पण हळूहळू आधार येतो. असं काही करणार का, हे आधी विचारून ठेवा.

कानाची पाळी बधिर राहणं मात्र जवळपास ठरलेलंच. बायकांना कुडी घालताना ते जाणवतं. काहींचं कमी होतं, काहींचं राहतं.

मानेच्या गाठी का काढल्या? तिथे तर काहीच नव्हतं.

हाताला आणि स्कॅनला न दिसणाऱ्या पेशी तिथे असू शकतात. कॅन्सर हाय ग्रेड असेल किंवा गाठ मोठी असेल तर मानही साफ करतात. लो ग्रेडच्या लहान गाठीत सहसा हात लावत नाहीत.

लाइट घ्यायलाच हवेत का?

आपल्याकडे रेडिएशनला कुणी लाइट म्हणतं, कुणी शेक, कुणी करंट. ते सगळ्यांना लागत नाही. लहान, लो ग्रेड, कडा मोकळ्या, नस मोकळी असेल तर ऑपरेशन पुरतं. हाय ग्रेड, मोठी गाठ, कडेला लागलेला कॅन्सर, नसेतला शिरकाव किंवा मानेच्या गाठी यांपैकी काही असेल तर घ्यावं. अ‍ॅडेनॉइड सिस्टिकमध्ये जवळपास नेहमीच.

नेहमीचा डोस ६० ते ६६ ग्रे (ग्रे हे रेडिएशन मोजायचं माप). आठवड्यातून पाच दिवस, सहा-साडेसहा आठवडे. एकेका वेळेचं काम काही मिनिटांचं, पण काणकोण किंवा पेडण्याहून रोजची ये-जा झाली की दिवस त्यातच जातो. म्हणून राहायची सोय आधी बघा. ऑपरेशननंतर जखम भरली की साधारण सहा आठवड्यांत सुरू व्हावं. इथे एक खास आपली अडचण येते: "चवथ (गणपती) होऊन जाऊ दे." लाइट सुरू झाल्यावर मध्ये खंड पडला तर फायदा कमी होतो. चवथ त्या सहा आठवड्यांत येत असेल तर सुट्टीचे दिवस कसे भरून काढायचे हे सुरू होण्याआधीच डॉक्टरांशी बोला.

आणि त्याहून आधी दात. लाइटच्या वाटेत जबडा येत असेल तर किडलेले दात आधीच काढून जखम भरू द्यावी लागते. नंतर त्या हाडात दात उपटला तर हाड सडायचा धोका वर्षानुवर्षं राहतो. बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) आवारालगतच गोवा दंत महाविद्यालय आहे, तेव्हा ही कामं एका फेरीत होतात.

जेवणाचं म्हणाल तर तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलवटतं. पेज सर्वांत चांगली, पण तिच्याबरोबरचं आंब्याचं लोणचं बंद. हुमणातली मिरची आणि तिरफळं काही दिवस बाजूला ठेवा. पेजेत तूप, कुस्करलेलं अंडं, मासा आवडणाऱ्यांना उकडलेल्या माशाचा काटे काढलेला गर चालतो. वजन उतरू देऊ नका. तोंड कोरडं पडतं, पण एकाच बाजूला लाइट असतील तर दुसऱ्या बाजूच्या ग्रंथी बरंच सांभाळून घेतात.

शेजारच्या बाईला किमो दिली, आम्हाला का नाही?

कारण या कॅन्सरमध्ये ऑपरेशननंतर सरसकट किमो दिल्याने माणूस जास्त जगतो असं सिद्ध झालेलं नाही. शेजारच्या बाईंचा कॅन्सर वेगळा असणार. काही निवडक, जोरदार प्रकारांत लाइटबरोबर ती देतात, तो डॉक्टरांचा निर्णय. आजार दूरवर पसरला आणि त्रास देऊ लागला तर मात्र किमोचा उपयोग होतो.

फुप्फुसात पसरलाय म्हणाले. मग संपलंच का?

परत नाव विचारा. अ‍ॅडेनॉइड सिस्टिकचे फुप्फुसातले ठिपके कधी कधी वर्षानुवर्षं इवले इवले वाढत राहतात आणि माणूस काजूच्या बागेत काम करत असतो. अशा वेळी दर काही महिन्यांनी स्कॅन करून नुसतं लक्ष ठेवणं हाच उपचार असू शकतो. "डॉक्टर काहीच करत नाहीत" असं घरच्यांना वाटतं, पण वाढ नसताना औषधं देऊन माणसाला आजारी पाडण्यात अर्थ नसतो.

सॅलिव्हरी डक्टमध्ये तपासणीला पाठवलेल्या तुकड्यावर दोन गोष्टी नक्की बघून घ्या: हर-टू (पेशीच्या वाढीला जोर देणारं प्रथिन) आणि अँड्रोजन रिसेप्टर (पुरुषी हार्मोन पकडणारं प्रथिन). हर-टू असेल तर स्तनाच्या कॅन्सरचं ट्रास्टुझुमॅब कामाला येतं, त्याचे भारतीय कंपन्यांचे स्वस्त पर्यायही मिळतात. अँड्रोजन रिसेप्टर असेल तर प्रोस्टेटच्या कॅन्सरची हार्मोनची औषधं चालतात. सिक्रेटरी कार्सिनोमात एनटीआरके नावाचा जनुकबदल सापडतो, त्यावर लॅरोट्रेक्टिनिब आणि एन्ट्रेक्टिनिब या गोळ्या आहेत. अमेरिकेत त्यांना २०१८ आणि २०१९ मध्ये मान्यता मिळाली. गोळ्या महाग आहेत, पण लागू पडल्या तर गाठी झपाट्याने विरघळतात. तुकड्यावर या चाचण्या करून घ्यायला कुणी विसरलं असेल तर आठवण करून द्या. तुकडा लॅबमध्ये मेणाच्या ठोकळ्यात जपलेला असतो, नंतरही तपासता येतो.

जेवायला बसलं की गालावर घाम येतो. हे काय नवीन?

ऑपरेशननंतर काही महिन्यांनी, कधी वर्षभराने असं होतं. लाळेसाठी असलेल्या बारीक नसा तुटल्यानंतर वाट चुकून कातडीतल्या घामाच्या ग्रंथींना जाऊन जुळतात. मग चिंच दिसली की लाळेऐवजी घाम. याला फ्रे सिंड्रोम म्हणतात. कॅन्सर परत आल्याचं हे लक्षण नाही. फारच त्रास झाला तर बोटॉक्सचं इंजेक्शन देतात, त्याचा परिणाम काही महिने टिकतो.

मुंबईला टाटात जायलाच हवं का?

सुरुवात गोमेकॉत करा. बहुतेक तपासण्या तिथेच होतात. पण हा आजार विरळा आहे. एखाद्या डॉक्टरला वर्षात मोजकेच रुग्ण दिसतात, त्यामुळे दुसरं मत घेण्यात कमीपणा नाही. परळला टाटाच्या दारात ज्या रस्त्यावर उतरता तो डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांच्या नावाचा. मूळ आपल्या गोव्याचे, कॅन्सरचे सर्जन. मडगावहून कोकणकन्येने रात्री निघालं की सकाळी दादर. खारघरच्या केंद्रात बोलावलं असेल तर पनवेललाच उतरा. प्रोटॉनचे लाइट, म्हणजे क्ष-किरणांऐवजी प्रोटॉन कणांनी दिलेलं रेडिएशन, त्याच केंद्रात आहेत. कवटीच्या तळाशी गेलेल्या गाठीसाठी त्यांचा विचार करतात, प्रत्येकाला लागत नाहीत.

जाताना नुसता कागद नेऊ नका. काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ठोकळे, दोन्ही लॅबकडून मागून घ्या. स्कॅनची सीडीही. ठोकळा नसेल तर नवी चाचणी करता येत नाही आणि सावंतवाडी ओलांडल्यावर आठवण होऊन उपयोग नाही. ठोकळे उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, मेण आहे ते.

खर्चाचं काय?

दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड काढलेलं असेल तर ते आधी शोधा. योजना २०१६ साली सुरू झाली तेव्हा तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांचं संरक्षण होतं. गोव्यात पाच वर्षं राहिलेल्यांना ती मिळते. कार्डाची मुदत संपली आहे का हे दाखल व्हायच्या आधी बघा. गोमेकॉत न मिळणाऱ्या उपचारांसाठी राज्याची वेगळी मेडिक्लेम योजना आहे. तिचे कागद बाहेर जाण्याआधी मंजूर करून घ्यायचे असतात. उपचार करून आल्यावर धावाधाव केली तर निराशा पदरी पडते.

बांदा, दोडामार्ग, सावंतवाडीहून बांबोळीला येणाऱ्यांना गोव्याचं कार्ड चालत नाही. तुम्ही महाराष्ट्राच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेबद्दल पहिल्याच भेटीत चौकशी करा.

देवाला प्रसाद लावला, डावा आला. आई ऑपरेशनला तयार नाही.

हा प्रश्न वर्षातून एकदा तरी येतोच. प्रसाद लावून देवाचा कौल घेतात, डावा आला म्हणजे नकार. मी कुणाच्या श्रद्धेला हसत नाही. फक्त विचारते, गाऱ्हाणं काय घातलं होतं? "ऑपरेशन करू का?" असं विचारलं असेल तर "कोणत्या डॉक्टरकडे करू?" असं विचारून बघा. भटजींना आणि घरातल्या मोठ्यांना आधी रिपोर्ट समजावून सांगितला तर पुष्कळदा वाट निघते. हाय ग्रेड गाठीत दोन-तीन महिने हातचे गेले तर नस वाचण्याची संधी जाऊ शकते, हे आईला आईच्याच शब्दांत सांगा. आकड्यांनी ती ऐकणार नाही. "डोळा मिटेनासा होईल" हे ऐकेल.

तंबाखू नाही, दारू नाही. मग कशाने झाला?

बहुतेकांच्या बाबतीत कारण सापडत नाही. तोंडाच्या नेहमीच्या कॅन्सरसारखा तंबाखूशी याचा थेट संबंध दिसत नाही. विड्या-सिगारेटशी जोडली जाते ती वॉर्थिन नावाची गाठ, आणि ती साधी असते. पूर्वी डोक्या-मानेला रेडिएशन घेतलं असेल तर धोका वाढतो. मोबाइलमुळे झाल्याचा पुरावा नाही. आनुवंशिकही सहसा नसतो, त्यामुळे मुलांच्या तपासण्या करत सुटू नका.

झाडपाल्याचं औषध बरोबर घेतलं तर?

गाठीवर लेप लावून कातडी भाजून घेतलेले रुग्ण येतात. मग सर्जनला भाजलेली कातडीही काढावी लागते. पोटात काही घेत असाल तर लपवू नका, भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगा. रक्त पातळ करणाऱ्या वनस्पती त्यात असू शकतात.

तपासणीला किती वर्षं जायचं?

पहिल्या वर्षी दर एक ते तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी थोडं लांबवत, पाच वर्षांपर्यंत साधारण चार ते आठ महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा. मानेला लाइट घेतले असतील तर दर सहा-बारा महिन्यांनी थायरॉइडची रक्ततपासणी. दम लागणं, वजन वाढणं, सुस्ती हे "वयाचं" म्हणून सोडून देतात आणि असतो तो थायरॉइड.

अ‍ॅडेनॉइड सिस्टिकवाल्यांनी पाच वर्षांनी फाइल माळ्यावर टाकायची नाही. दहा-बारा वर्षांनीही तो फुप्फुसात डोकं वर काढतो, म्हणून छातीचा स्कॅन चालूच ठेवायचा. डॉक्टर बदलले, तुम्ही मडगावहून म्हापशाला राहायला गेलात, मुलगा दुबईला गेला, तरी पहिला पॅथॉलॉजी रिपोर्ट, ऑपरेशनची नोंद आणि लाइटच्या डोसचा कागद हे तिन्ही एका पिशवीत ठेवा आणि त्यांचे फोटो काढून घरातल्या दोघांच्या तरी मोबाइलवर असू द्या.